वारसांचा बळी देऊ नका: डीसी आणि मार्व्हलच्या संपादकांना खुलं पत्र

प्रति,
संपादक आणि लेखक मंडळी,
डीसी कॉमिक्स आणि मार्व्हल कॉमिक्स, अमेरिका

विषय: जुना नायक परत आणताना नव्या पात्रांना मारण्याची, पुसण्याची पद्धत बंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेक जण आधी वाचक होते, मग लेखक किंवा संपादक झाले. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितेय, कंपनीच्या मालकांना नाही. पुढच्या अंकासाठी ज्याचा जीव कधी टांगणीला लागला नाही, त्याच्याशी या विषयावर काय बोलणार? तुमच्याशी बोलता येईल, असं वाटतं.

तक्रार आधीच सांगून टाकते. लहानपणी ज्या नायकावर तुमचा जीव जडला, त्याला परत गादीवर बसवायला तुम्ही मधल्या काळात आलेल्या पात्रांचा बळी देता. त्या पात्रांवर जीव जडलेले आम्ही वाचक तुमच्या हिशेबात कुठेच नसतो. हे जुनं दुखणं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण २०२३मध्ये कमला खानच्या बाबतीत जे केलंत, त्यानंतर गप्प बसवत नाही. तिच्याकडे पुढे येतेच.

माझा संबंध काय, तेही सांगायला हवं. मी ठाण्याची. ऐंशीच्या दशकात आमच्या घरी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक यायचे. त्यातला वेताळ हा एकविसावा वेताळ होता. बापाने कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ मुलाने घ्यायची, मुखवटा त्याच्या तोंडावर चढायचा आणि जंगलातली माणसं मात्र तो अमर आहे असंच मानायची. आधीचे वीस जण गेले म्हणून हा एकविसावा आम्हाला कधी कमअस्सल वाटला नाही. १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं. पुढे कॉलेजात असताना फोर्टातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे अमेरिकन अंक हाताला लागू लागले. सलग कधीच मिळायचे नाहीत, गोष्टीचा शेवट आधी हाती यायचा आणि सुरुवात कधीतरी नंतर. त्या ढिगात मला फ्लॅश सापडला, डीसीचा विजेच्या वेगाने पळणारा नायक. हे नाव एकामागून एक अनेकांनी लावलं, आणि माझा फ्लॅश वॉली वेस्ट होता.

फ्लॅशचं सगळं घराणंच मुळात चाहत्यांचं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण इथल्या वाचकांसाठी सांगते. १९५६च्या ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात बॅरी ॲलन पहिल्यांदा दिसतो, तेव्हा त्याच्या हातात आधीच्या फ्लॅशचं, म्हणजे जे गॅरिक या नायकाचं, जुनं कॉमिक असतं. रसायनांच्या कपाटावर वीज पडून अंगात वेग आल्यावर तो नाव घेतो तेही त्याच कॉमिकमधलं. मग ‘द फ्लॅश’च्या ११०व्या अंकात वॉली येतो. बॅरीची प्रेयसी आयरिस हिचा भाचा, ब्लू व्हॅली गावातलं शाळकरी पोर, आणि तिथल्या फ्लॅश फॅन क्लबचा अध्यक्ष. रसायनांच्या त्याच कपाटापाशी पुन्हा वीज कोसळते आणि फॅन क्लबचा अध्यक्ष किड फ्लॅश होतो. हे अंक काढणारे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ स्वतः विज्ञानकथांचे चाहते होते. १९३२ साली त्यांनी मित्रांच्या साथीने ‘द टाइम ट्रॅव्हलर’ नावाचं हौशी नियतकालिक काढलं होतं. पुढे डीसीत आल्यावर ते वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापू लागले, आणि त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले. जेरी बेल्स हे डेट्रॉइटचे प्राध्यापक आणि रॉय थॉमस हे मिझुरीतले शाळामास्तर यांची गाठ लेखक गार्डनर फॉक्स यांनी घालून दिली. १९६१मध्ये बेल्स यांनी ‘ऑल्टर इगो’ हे कॉमिक्सच्या चाहत्यांचं नियतकालिक काढलं, १९६५मध्ये थॉमस मार्व्हलमध्ये दाखल झाले आणि १९७२मध्ये स्टॅन ली यांच्यानंतर मुख्य संपादक झाले. तुमच्या धंद्यात वाचकाला आत येण्याचा रस्ता या माणसांनी पाडला. त्याबद्दल मला आदरच आहे.

१९८५च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये बॅरी मेला. आठव्या अंकात तो पळत राहतो, पळता पळता त्याचं शरीर झिजत जातं आणि शेवटी रिकामा पोशाख तेवढा उरतो. कॉमिक्समध्ये इतकं खरं वाटलेलं मरण मी फार थोड्या वेळा पाहिलं. वॉलीने तो पोशाख चढवला. १९९२मध्ये मार्क वेड ही मालिका लिहू लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘द रिटर्न ऑफ बॅरी ॲलन’ लिहिली. ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पुन्हा एकदा वाचावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. नाताळच्या रात्री बॅरी दारात येऊन उभा राहतो. वॉलीला आनंद होतो आणि भीतीही वाटते: आता माझं काय? हळूहळू कळतं की हा बॅरी नाहीच, हा भविष्यातला एक चाहता आहे. इओबार्ड थॉन. फ्लॅशवर इतका फिदा की त्याने शस्त्रक्रिया करून बॅरीचा चेहरा लावून घेतलेला, आणि वॉली त्या नावाला लायक नाही म्हणून खवळलेला. वॉली त्याला हरवतो ते बॅरीहून वेगवान आहे म्हणून नाही. बॅरीची जागा घेतली तर बॅरी कायमचा जाईल, या भीतीने तो स्वतःच स्वतःला मागे खेचत होता. ती भीती सुटली तेव्हा तो जिंकला.

चाहत्याचं प्रेम कुठवर असावं आणि मालकीहक्क कुठे सुरू होतो, हे याहून स्वच्छ कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. आणि तुम्हीच छापलेल्या या गोष्टीकडे तुम्हीच पाठ फिरवलीत.

२००८मध्ये बॅरी खरोखर परतला. २००९च्या ‘द फ्लॅश: रिबर्थ’मध्ये जेफ जॉन्स यांनी त्याला मध्यभागी आणलं. जॉन्स फ्लॅशचे जुने चाहते, आणि त्याआधी त्यांनी वॉलीच्या उत्तम गोष्टी लिहिलेल्या. तोवर मला आशा होती. २०११मध्ये सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्यात तेव्हा वॉली नव्हताच. लिंडाशी त्याचं लग्न, जय आणि आयरिस ही जुळी मुलं, फ्लॅश म्हणून काढलेली वीसहून जास्त वर्षं, सगळं गायब. २०१६मध्ये जॉन्स यांनीच त्याला परत आणलं, हे मान्य करते. ज्या जगाला आपण आठवत नाही तिथे माणसामागून माणसाला हाक मारत फिरणारा वॉली, लिंडाही ओळखत नाही, आणि शेवटी बॅरी त्याचं नाव घेऊन त्याला ओढून काढतो. ती पानं वाचताना मी रडले. पण दोन वर्षांनी ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये त्याच वॉलीला मनाच्या उपचारांसाठी आलेल्या सोबत्यांच्या मृत्यूला कारण ठरवलंत, वर तो ते लपवतो असंही दाखवलंत. लग्न, मुलं, नाव, सगळं हिरावलेल्या माणसाकडे राहिला होता तो चांगुलपणा, तोही काढून घेतलात. २०२१पासून जेरेमी ॲडम्स यांनी हे मोठ्या मायेने निस्तरलं, मुलंही घरी आली. पण मधली दहा वर्षं वॉलीच्या वाचकांनी काय म्हणून काढायची होती?

दुसरी तक्रार याहून जुनी, आणि बाई म्हणून मला जास्त लागणारी. ‘एक्स-मेन’ या मार्व्हलच्या नायकांच्या चमूतली जीन ग्रे १९८०मध्ये त्या मालिकेच्या १३७व्या अंकात मेली. तिच्या हातून एक अख्खी वस्ती असलेला ग्रह नष्ट झाला होता, त्याची शिक्षा व्हायलाच हवी असा मुख्य संपादक जिम शूटर यांचा आग्रह होता. त्यानंतर एका विद्यार्थी चाहत्याने डोकं लढवून तोड काढली: ती जीन नव्हतीच, फिनिक्स नावाच्या अंतराळातल्या शक्तीने तिचं रूप घेतलं होतं, खरी जीन पाण्याखाली एका कोषात निर्दोष झोपली आहे. तो चाहता म्हणजे पुढे ‘मार्व्हल्स’ आणि ‘ॲस्ट्रो सिटी’ लिहिणारे कर्ट ब्युसिक. ती कल्पना त्यांच्याकडून लेखक रॉजर स्टर्नकडे, स्टर्नकडून लेखक-चित्रकार जॉन बर्नकडे गेली आणि १९८६मध्ये अमलात आली. चाहत्याची कल्पना म्हणून ती हुशारच आहे.

पण मधल्या काळात जीनचा प्रियकर स्कॉट समर्सचं लग्न झालं होतं. मॅडलिन प्रायर. १९८३मध्ये आलेली, विमान चालवणारी, स्वतःच्या डोक्याने चालणारी बाई, आणि पदरात तान्हं बाळ. जीन जिवंत आहे असा फोन येतो आणि स्कॉट बायको-मुलाला सोडून निघून जातो. हा नायक! मग त्याच्या वागण्याचा ठपका कुणावर तरी ठेवायला हवा होता. तो तुम्ही तिच्यावर ठेवलात. ती जीनची नक्कल होती, ती सैतानांशी हातमिळवणी करते, ती स्वतःच्या बाळाचा बळी द्यायला निघते, असं दाखवून ‘इन्फर्नो’मध्ये तिला संपवलंत. जीनवरचा डाग पुसायला दुसऱ्या बाईच्या तोंडाला काळं फासलं. लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांना स्कॉटचं ते निघून जाणं पसंत नव्हतं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. ऐकलं कुणी?

रायन चोईबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याला तुम्ही जागाच थोडकी दिलीत. हाँगकाँगहून आलेला तरुण प्राध्यापक, २००६पासूनचा नवा ॲटम, म्हणजे हवं तेवढं लहान होऊ शकणारा नायक. जुना ॲटम रे पामर परत येताच २०१०मध्ये रायनला मारलं आणि त्याचं प्रेत काडेपेटीत घालून शत्रूच्या हवाली केल्याचं दाखवलं. काडेपेटीत! हे लिहिताना, काढताना, छापताना एवढ्या माणसांतून एकालाही वाटलं नाही की हा कुणाचा तरी नायक आहे?

आणि ओरॅकल. १९८८च्या ‘द किलिंग जोक’मध्ये आधी बॅटगर्ल असलेल्या बार्बरा गॉर्डनला जोकरने गोळी घातली ती केवळ बापाला आणि बॅटमॅनला यातना देण्यासाठी, पुढे तिचं काय होणार याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या नवरा-बायकोला ते सहन झालं नाही. त्यांनी व्हीलचेअरवरच्या बार्बराला ओरॅकल केलं, अख्ख्या डीसी विश्वाला माहिती पुरवणारी. माझ्या जवळच्या नात्यात एक मुलगी व्हीलचेअर वापरते. तिच्या टेबलासमोर भिंतीवर ओरॅकलचं चित्र आहे: अंधारी खोली, पडद्यांचा हिरवट उजेड, आणि कानाला माइक लावून मोठमोठ्या नायकांना हुकूम सोडणारी बार्बरा. २०११मध्ये बार्बरा पुन्हा चालू लागली आणि बॅटगर्ल झाली. त्या मुलीने मला विचारलं, “म्हणजे आता ती बरी झाली, असं ते म्हणतायत का?” त्याचं उत्तर मी द्यायचं नाही, तुम्ही द्यायचं. बार्बराला बॅटगर्ल करण्यासाठी मधल्या काळात बॅटगर्ल झालेल्या स्टेफनी ब्राऊन आणि कॅसॅन्ड्रा केन यांनाही बाजूला सारलंत. त्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये बॅटगर्लचा पोशाख घातलेली एक वाचक एकामागून एका चर्चेत उभी राहून, बाया कुठे आहेत, असं विचारत होती. ते धाडस मला आजही आठवतं.

स्पायडर-मॅनचं लग्न १९८७मध्ये लावलंत आणि २००७च्या ‘वन मोअर डे’मध्ये मेफिस्टो या सैतानाशी सौदा करून मोडलंत. तिथे तर कुणी परत यायचं नव्हतं. परत आणायचं होतं ते पीटरचं अविवाहित तरुणपण, जे तेव्हाच्या संपादकांना जास्त खरं वाटत होतं. लेखक स्ट्रॅझिन्स्की यांनी आपलं नाव काढून घेण्याची तयारी उघड बोलून दाखवली होती. २०२४मध्ये जोनाथन हिकमन यांनी नव्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये बायको-मुलांचा पीटर लिहिला आणि लोकांनी तो उचलून धरला. संसारी माणूस नायक होऊ शकत नाही, या समजुतीला वाचकांनी दिलेलं हे उत्तर आहे. ते ऐका.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला जुने नायक नकोतच. तसं नाही. १९९४मध्ये हॅल जॉर्डनला खुनी ठरवून ग्रीन लँटर्नची अंगठी काइल रेनरला दिलीत, तेव्हा हॅलच्या चाहत्यांना झालेला त्रास मला पूर्ण कळतो. वारस आणायला पूर्वजाला सैतान करायची काहीच गरज नव्हती. २००४मध्ये जॉन्स यांनी हॅलला परत आणलं, पण काइलला मारलं नाही, जॉन स्ट्युअर्ट या आणखी एका ग्रीन लँटर्नला पुसलं नाही. सगळे एकाच वेळी अंगठी घालून उभे राहिले आणि मालिका आणखी मोठी झाली. म्हणजे हे जमतं, तुम्हालाच जमलेलं आहे.

आता कमला खान. तीही चाहतीच. ॲव्हेंजर्सवर गोष्टी लिहिणारी, कॅप्टन मार्व्हलची भक्त, जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी. सना अमानत आणि जी. विलो विल्सन यांच्यासारख्यांनी ती घडवली, २०१४मध्ये तिची मालिका सुरू झाली. आपल्याकडे शेजारपाजारच्या कुठल्याही घरात सापडतील असे तिचे अम्मी-अब्बू आहेत. २०२३च्या मे महिन्यात तिला स्पायडर-मॅनच्या मासिकात, दुसऱ्याच्या गोष्टीत, मेरी जेनचं रूप घेतलेल्या अवस्थेत मारलंत. स्वतःच्या अंकात नाही, स्वतःच्या चेहऱ्याने नाही. दोन महिन्यांत म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली, म्हणून परत आणलंत. मग हे मरण कशासाठी होतं? पुढच्या अंकाच्या जाहिरातीसाठी? नंतर तिची गोष्ट साबिर पीरजादा यांच्या जोडीने इमान वेलानी यांनी लिहिली, पडद्यावर कमला झालेली आणि आधीपासून कॉमिक्सवेडी असलेली अभिनेत्री. चाहत्याच्या हाती लेखणी द्यायची तर ती अशी द्यावी.

गेल सिमोन यांचंही नाव घ्यायलाच हवं. केस कापण्याचं काम करणाऱ्या या वाचक बाईने १९९९मध्ये कॉमिक्समध्ये मारल्या, बलात्कारल्या, लुळ्या केल्या गेलेल्या स्त्रियांची यादीच जगापुढे मांडली. पुढे ‘बर्ड्स ऑफ प्रे’ लिहून ओरॅकलला तिच्या जागी शोभेल अशा गोष्टी दिल्या. रायन चोईची मालिका सुरू करणाऱ्याही त्याच. काय चुकतंय हे त्यांना आधी वाचक म्हणून दिसलं होतं.

चाहत्यांनी केलेलं आणखी एक मोठं काम तुम्ही विसरता. बॅटमॅनच्या जन्मात बिल फिंगर यांचा वाटा किती, हे १९६५मध्ये जेरी बेल्स यांनी लिहून प्रसिद्ध केलं. बॅटमॅनचं सगळं श्रेय घेणारे बॉब केन चिडले. फिंगर १९७४मध्ये श्रेयाविना गेले. वाचक आणि अभ्यासक पिच्छा पुरवत राहिले तेव्हा कुठे २०१५मध्ये त्यांचं नाव अधिकृतपणे लागलं. पन्नास वर्षं! माणूस गेल्यावर एक्केचाळीस वर्षांनी.

माझ्या मागण्या या आहेत.

जुना नायक परत आणायचा तर आणा, पण त्या जागी असलेल्याला मारून, पुसून किंवा बदनाम करून नाही. हॅल आणि काइल एकत्र नांदले, तसे बाकीचेही नांदतील.

काही महिन्यांत परत आणायचंच ठरलेलं असेल, तर त्या पात्राचं मरण छापू नका. विशेषतः जिच्यासारखी दुसरी तुमच्याकडे नाही, अशा पात्राचं.

मुंबईतला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर २००४पासून आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तो घडवला, आणि बहुतेक वेळा तो इतर स्पायडर-मॅनच्या गर्दीत पाहुणा म्हणून येऊन जातो. त्याला कायमची मालिका द्या आणि ती इथल्या माणसांकडून लिहून-काढून घ्या. मुंबईत वाढलेले राम व्ही तुमच्याकडे ‘स्वॅम्प थिंग’ आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ लिहून गेले आहेत. इथे माणसं नाहीत, ही सबब चालणार नाही.

ज्याने पात्र घडवलं त्याचं नाव ते पात्र असलेल्या प्रत्येक अंकात आणि प्रत्येक सिनेमात छापा. पैशांतला वाटाही द्या, तो माणूस जिवंत असताना.

जिम शूटर तेरा-चौदा वर्षांचे असताना त्यांनी पिट्सबर्गहून टपालाने गोष्टी पाठवल्या आणि डीसीने त्या छापल्या. आज न मागवता आलेलं लिखाण तुम्ही उघडतही नाही. वर्षातून एकदा तरी दार उघडा, आणि ते अमेरिकेबाहेरच्या मुलांसाठीही उघडं असू द्या.

शेवटची मागणी अगदी साधी आहे. वाचकांच्या पत्रांचं पान प्रत्येक मासिकात परत सुरू करा. या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको. ते त्या पानावर छापा.

कळावे,
आपली एक वाचक
ठाणे